बंबातली चिंच

दिवाळी जवळ आली की आकुर्डीतल्या आमच्या चाळीत दोन-तीन तरी बायका माझ्याकडे येतात, पदराचं टोक बोटाला गुंडाळत दारात उभ्या राहतात आणि विचारतात, "ताई, बंब घासायचाय, काय लावू?" स्वयंपाकातलं मला कोणी काही विचारत नाही. माझ्या हातच्या पुरणपोळ्या कशा होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण बंबाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. वाटेतला दगड कुठे आहे ते ठेच लागलेल्यालाच विचारावं, त्यातला प्रकार.

मी सांगायला बसते. सांगता सांगता धाप लागते, मधे थांबावं लागतं, आणि बायका बिचाऱ्या "राहू द्या हो, राहू द्या" म्हणत उठून जातात. म्हणजे ज्यासाठी आल्या ते राहूनच जातं. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं, त्यांची शाळेतली पोरं वाचून दाखवतील. कागदावर धाप लागत नाही.

*

तीन वर्षं झाली त्याला. स्वराज्य येऊन तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती आणि पिंपरीच्या माळावर एकामागून एक धुराडी उभी राहत होती. आमचे हे तिथल्याच एका कारखान्यात फिटर. बिऱ्हाड आकुर्डीत, जुन्या गावकऱ्यांनी शेताच्या कडेला बांधलेल्या पाच खोल्यांच्या चाळीत. घरात माणसं तीन: हे, मी आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. यांच्या साताऱ्याकडच्या घरांत सासूला तशीच हाक मारतात. मी मात्र पुण्याच्या पेठेत वाढलेली, सातवीच्या फायनलची परीक्षा पास झालेली, आणि ही गोष्ट कोणाला विसरू न देणारी.

आम्हा दोघींत एकच गोष्ट सारखी होती, आणि तीच भांडणाचं मूळ होती. दोघींनाही स्वच्छतेचं वेड. वेड म्हणजे वेडच. मी डबे साबणाने घासून पालथे घातले की आत्याबाई येऊन तेच डबे राखेने घासायच्या. त्या वळल्या की मी ते पुन्हा साबणाने. एकेका डब्याला दिवसात तीन-तीन अंघोळी घडत. एका सकाळी त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "शिकल्यालीच्या हाताला मळ दिसत न्हाई." मीही भिंतीलाच सांगितलं, "राख फासली की भांडी गोसाव्यासारखी दिसतात."

झालं. अबोला सुरू झाला.

अबोला म्हणजे काय ते ज्यांच्या घरात सासू आहे त्यांना सांगायला नको. आमच्याकडे मांजर होतं, मनी. सगळा कारभार तिच्यामार्फत चाले. "मने, चहा झालाय म्हणावं." "मने, तितंच ठेव म्हनावं." हे जेवताना म्हणायचे, "तुम्ही दोघी बोलायला लागा, नाहीतर मी ओव्हरटाइम घेतो." दोघीही हसलो नाही. जी आधी बोलेल ती हरली, एवढं पक्कं होतं.

*

आता विहिरीच्या पुडीबद्दल.

त्या पावसाळ्यात गावात हगवणीची साथ आली होती. आरोग्य खात्यातले एक गृहस्थ आले, चाळीच्या विहिरीत जंतुनाशक पूड टाकून गेले, आणि उरलेला पत्र्याचा डबा माझ्या स्वाधीन केला, कारण चाळीत वाचता येणारी बाई मी एकटी. दर आठवड्याला किती चमचे टाकायचे ते कागदावर लिहून दिलं. जाताना दारात थांबून त्यांनी बजावलं, "विहिरीशिवाय कुठे वापरू नका." हे मी नीट ऐकलं होतं. त्यांच्यावर बोल लावण्यात अर्थ नाही.

पण एकदा डब्याला चिकटलेली चिमूटभर पूड यांच्या मळक्या बनियनीवर पडली आणि तेवढी जागा दुधासारखी पांढरी झाली. मग काय, सोन्याची खाणच सापडली. मोरीच्या फरशीला थोडी, माठाखालच्या शेवाळाला थोडी. घर कसं लखलखायला लागलं. आत्याबाई नाक मुरडायच्या आणि मला आणखी चेव यायचा.

राहिला होता बंब. सासऱ्यांच्या वेळचा, तांब्याचा, मधे जाळाचा नळ आणि भोवती पाणी. आमच्या विहिरीचं पाणी जड. दोन-चार महिन्यांत आतून पांढऱ्या खपल्या धरायच्या. बाहेरून तो चिंचेने उजळता येई, पण आतला क्षार तोंडातून हात घालून काही निघत नसे. नरक चतुर्दशीला आठ दिवस होते. अभ्यंगस्नानाचं पाणी यंदा नव्यासारख्या बंबातून काढायचं, आणि तेही राखेशिवाय, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

अबोल्याचा तिसरा दिवस होता. हे पहिल्या शिफ्टला गेले होते. आत्याबाई गोधड्यांचं गाठोडं घेऊन ओढ्यावर गेल्या होत्या. घर रिकामं, म्हणजे विचारणारं कोणी नाही. बंबात आदल्या दिवसाचं पाणी असेल असं मी धरून चालले. झाकण उघडलं तेव्हा आंबूस वास आला खरा, पण तांब्याच्या भांड्याला तसा वास येतोच. पाणी जरा कोमट असलं की मळ सुटतो म्हणून नळात चार ढलप्या पेटवल्या. न्हाणीचं दार लावून घेतलं, साडी खोचली, आणि डब्यातली पूड बंबाच्या तोंडात ओतली. दोन चमचे नाही, चार नाही. अर्धा डबा.

आणि खपल्या सुटतायत का ते बघायला वाकले.

*

आतून फसफसण्याचा आवाज आला तेवढा आठवतो. मग हिरवट पिवळा धूर तोंडावर आला. त्याला वास होता असं म्हणणं कमीच; नाकात, घशात, डोळ्यांत तिखट कोंबल्यासारखं झालं. श्वास घ्यायला गेले तर छाती आत घेईना. ओरडायला गेले तर आवाज निघेना. दार माझ्या हाताच्या अंतरावर होतं आणि मला कडी सापडेना. डोळे उघडता येत नव्हते. हातातला डबा फरशीवर पडला.

तो आवाज घरमालकीण सखूबाईंनी ऐकला. त्या पलीकडे शेणी थापत होत्या. त्यांनी खांद्याचा एक धक्का देऊन कडी मोडली आणि मला दंडाला धरून अंगणात ओढलं. स्वतः चार दिवस खोकल्या, पण त्याचा उच्चार कधी केला नाही. "आमी दार मोडलं, ते नीट करून घ्या," एवढंच पुढे म्हणाल्या.

अंगणात मोकळ्या हवेत मी खोकून खोकून पिवळं पाणी टाकलं. सखूबाईंनी डोळ्यांवर पाण्याचे हबके मारले. तासाभरात बरं वाटलं. उठून बसले, दोन घोट चहा घेतला. आवाज फुटत नव्हता, पण मी हाताने खूण केली, ठीक आहे.

हे लिहिण्याचं अर्धं कारण तेवढ्या एका खुणेत आहे. मी ठीक नव्हते. असा वायू छातीत गेला की तो आधी माणसाला सोडल्यासारखं करतो आणि मग परत धरतो. आम्हाला कोणाला ते माहीत नव्हतं. तासाभराने बरं वाटलं म्हणून मी घरी बसून राहिले, तेव्हाच निघाले असते तर पुढचं पुष्कळ टळलं असतं, असं डॉक्टर मागाहून म्हणाले. कोणाला असं झालं तर बरं वाटेपर्यंत थांबू नका, आणि बरं वाटलं तरी थांबू नका.

दुपारी आत्याबाई गोधड्या घेऊन आल्या. मी पडवीत भिंतीला टेकून बसलेली, डोळे लाल. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, सखूबाईंकडे बघितलं. सखूबाईंनी सगळं सांगितलं. आत्याबाईंनी गाठोडं तिथेच टाकलं. मग त्या आत गेल्या आणि मनीला म्हणाल्या, "पानी पाहिजे का इचार." मी मान फिरवली. छातीत आग पेटली होती, पण हरायचं नव्हतं ना!

हे शिफ्ट संपवून आले तेव्हा मला आडवं होता येत नव्हतं. आडवं झालं की बुडाल्यासारखं व्हायचं. ओठ निळे पडले होते म्हणे. यांनी मला सायकलवर पुढे बसवून कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि लगेच कारखान्याची मोटार मागवली. मोटार म्हटल्यावर मी पहिल्यांदा घाबरले.

*

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात मी तीन आठवडे होते.

पहिल्या दोन दिवसांचं फारसं आठवत नाही. पाठीशी चार उशा, नाकाशी प्राणवायूची नळी, पलंगाशेजारी माझ्याइतकंच उंच लोखंडी नळकांडं. विहिरीवर पोहरा खाली सोडावा आणि तो दर वेळी अर्धाच भरून यावा, तसा श्वास येत होता. मी प्रत्येक श्वास मोजत होते. वाटायचं, मोजायचं थांबले तर तोही थांबेल. सिस्टर नगरकडच्या होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. त्यांच्या ते ध्यानात आलं. म्हणाल्या, "बाई, मोजायचं काम आमचं. तुम्ही नुसता घ्या." तेव्हा मला झोप लागली.

मग दिवसाला आकार आला. सकाळी झाडलोट, थर्मामीटर, इंजेक्शन, सोड्याच्या पाण्याची वाफ, पेज. चार ते सहा भेटायला येणारी माणसं. आणि फरशी पुसायचं फिनेल. माझ्यासारख्या बाईला एरवी तो वास अत्तरासारखा. आता तो आला की घसा आवळून यायचा आणि मी पलंगाची दांडी धरायची. असं दोनदा झाल्यावर सिस्टरांनी माझ्या पलंगाच्या आसपासची फरशी नुसत्या पाण्याने पुसून घ्यायला सुरुवात केली. मी काही मागितलं नव्हतं, मागता येतही नव्हतं. त्यांनी ते नुसतं बघून ओळखलं. फरशीवर पाण्याचा डाग राहायचा. मीसुद्धा तो डाग आनंदाने बघत पडून राहायची.

घसा आतून भाजला होता. बोलायचं नाही, असा हुकूम. मला पाटी आणि पेन्सिल दिली.

*

तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर माझ्याजवळ बसले. यांना त्यांनी आधीच सगळं विचारून घेतलं होतं.

"बाई, त्या पुडीत पाणी पडलं तर वास येतो, डोळे चुरचुरतात. पण इतकं होत नाही," ते म्हणाले. "त्यात काहीतरी आंबट मिसळलं की असा विषारी वायू सुटतो. तेजाब, लिंबू, काहीही. बंबात तुम्ही आणखी काय घातलं होतं?"

मी पाटीवर लिहिलं: काही नाही.

त्यांनी पाटी वाचली आणि यांना बाहेर जायला सांगितलं. मग हळूच विचारलं, "दार आतून लावलं होतं?"

मी मान हलवली, हो.

"घरात काही भांडण होतं?"

खोटं बोलायची सवय नाही हा माझा गुण आहे की खोड ते मला अजून कळलेलं नाही. मी पुन्हा मान हलवली, हो.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मला तेव्हा काही उमगलं नाही. संध्याकाळी अण्णा, माझे वडील, आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून उमगलं. असं प्रकरण आलं की इस्पितळाला पोलिसांना कळवावं लागतं. हवालदार जबाब घ्यायला येणार होते. कडी आतून, सासूशी भांडण, आणि बंबात काय होतं ते सूनबाईंना माहीत नाही म्हणे! मी जीव द्यायला निघाले होते, किंवा माझा जीव कोणीतरी घ्यायला निघालं होतं. तिसरं काही कोणाच्या डोक्यात येईना. माझ्याही.

मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: मी मुद्दाम केलं नाही.

"तू नाहीच केलंस," अण्णा म्हणाले. "तुझ्या सासूनं केलंय. हवालदाराला तेच लिहून दे. तिनं आदल्या दिवशी काहीतरी कालवून ठेवलं. नाहीतर ती इतक्या दिवसांत एकदा तरी आली असती. मी तुला आता त्या घरात पाठवणार नाही."

पलंगाच्या दुसऱ्या बाजूला हे टोपी हातात फिरवत उभे होते. एका बाजूला आई, एका बाजूला बायको. "आई असं करणार नाही हो," ते म्हणाले, पण अण्णांकडे न बघता म्हणाले.

आत्याबाई आल्या नव्हत्या हे खरं होतं. खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत माझ्याही मनात तेच आलं. तो आंबूस वास मला राहून राहून आठवायचा. मी घासलेला डबा पुन्हा घासणारी बाई काय काय करू शकेल, याचा मी छतावरच्या पंख्याकडे बघत विचार करत होते. तीन वर्षं एका चुलीवर काढली होती, आणि मला उत्तर देता येत नव्हतं. आजारात सगळ्यांत वाईट काय वाटलं असं कोणी विचारलं तर मी श्वासाचं नाव घेणार नाही, या संशयाचं घेईन.

*

पाचव्या दिवशी हवालदार आले. मध्यम वयाचे, घामेजलेले, आधी रुमालाने मान पुसणारे. स्टुलावर बसून त्यांनी कागद मांडीवर घेतला. अण्णा माझ्या उशाशी, हे पायाशी. पाटी माझ्या हातात.

"हां, ताई. सावकाश लिहा. पुडीशिवाय बंबात काय होतं आणि ते कुणी घातलं?"

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पेन्सिल टेकवली. ‘सा’ लिहिला. मग पदराने पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. लिहून टाकलं असतं तर मी सुटले असते. आणि दिवाळी पुण्याला माहेरी, आणि आकुर्डीचं दार कायमचं बंद.

तेवढ्यात वॉर्डाच्या दारातून सिस्टरांचा आवाज आला, "आजी, एका पेशंटपाशी इतकी माणसं चालत नाहीत," आणि त्यांच्या मागून आत्याबाई आत आल्या. कपाळ घामाने निथळलेलं, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. आयुष्यात एकट्याने आगगाडीत न बसलेली बाई चिंचवड स्टेशनपर्यंत चालत गेली होती, वाटेत लोकांना विचारत विचारत इथवर आली होती. हातात फडक्याची एक पुरचुंडी होती.

त्यांनी ती हवालदारांच्या कागदावरच ठेवली आणि सोडली. आत काळपट ओला चोथा होता, आणि दोन चिंचोके.

"सायेब, चिंच म्या घातली व्हती," त्या म्हणाल्या. "चिंच आन मीठ. आदल्या दिशी, दिवं लागायच्या टायमाला. रातभर भिजलं की आतला मळ सुटतो. माजी सासू करायची, म्या करते. हिला म्हाईत न्हवतं."

"तुम्ही सांगितलं नाही?" हवालदारांनी विचारलं.

"बोलत न्हवतो आमी."

"आणि चार दिवस का नाही सांगितलंत?"

"मला तरी कुटं ठावं! मला वाटलं, त्या पुडीचाच गुन. काल पोरगं म्हनालं, डागदर इचारतोय आंबट काय व्हतं. तवा उटले, बंबात हात घातला, तर ह्ये." त्यांनी चोथ्याकडे बोट दाखवलं. मग आवाज खाली आला. "आन खरं सांगू का सायेब, यायाचं भ्या वाटत व्हतं. हिनं तोंड फिरवलं आसतं तर?"

अण्णा काहीतरी बोलायला गेले. हवालदारांनी हाताने थांबवलं. त्यांनी एक चिंचोका उचलून निरखला. "म्हणजे एकीनं चिंच घातली, दुसरीनं पूड घातली," ते म्हणाले. "मग आता दोष कुणाचा लिहू, आजी?"

"अबोल्याचा लिवा," आत्याबाई म्हणाल्या.

"तसं कलम नाही," हवालदार म्हणाले, आणि कागदावर ‘अपघात’ असं लिहिलं. ते मी माझ्या डोळ्यांनी वाचलं.

आत्याबाई अजून उभ्याच होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. मी पाटीवर एक शब्द लिहिला आणि त्यांच्यासमोर धरली. त्यांनी पाटी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. त्यांना कुठे अक्षर येत होतं!

"काय लिवलंय हिनं?" त्यांनी घाबरून हवालदारांना विचारलं.

हवालदारांनी मान वाकडी करून वाचलं. "बसा. ‘बसा’ असं लिहिलंय, आजी." आणि स्वतः स्टुलावरून उठले.

आत्याबाई बसल्या आणि रडल्या. मला रडायची परवानगी नव्हती, घशाला त्रास झाला असता, पण मीही रडले. अण्णा बाहेर गेले, तांब्याभर पाणी घेऊन आले आणि विहीणबाईंच्या हातात दिलं.

*

दिवाळी इस्पितळातच गेली. घरी आले तेव्हा मला वाटलं होतं, आले म्हणजे संपलं. संपलं नव्हतं. विहिरीवरून कळशी आणणं सोडाच, वेणी घालताना हात वर धरले तरी दम लागायचा. चुलीचा धूर सोसत नसे. घरात नुसतं बसून दुसऱ्याला राबताना बघणं यासारखी शिक्षा नाही, आणि त्यातून ते दुसरं माणूस भांडी राखेने घासत असेल तर विचारूच नका. मी चिडचिड करायची, आत्याबाई कुरकुर करायच्या. आम्ही काही संत झालो नाही.

न्हाणीत मात्र मला पाऊल टाकवेना. उंबऱ्याशी गेलं की छाती आपोआप आवळायची. आत्याबाईंनी मला कधी "भितीस व्हय?" असं विचारलं नाही. त्यांनी अंगणात खाटा उभ्या करून त्यांवर गोधड्या टाकल्या आणि दीड महिना मला तिथे उन्हात अंघोळ घातली, चुलीवरच्या पाण्याने. बंब कोपऱ्यात थंड पडून होता. एक दिवस मीच म्हटलं, आता आत जाऊ. त्या दार उघडं धरून उभ्या राहिल्या. ते दार अजून आम्ही कधी पूर्ण लावत नाही.

पुडीचा डबा आता सखूबाईंच्या गोठ्यात, उंच फळीवर असतो, विहिरीपुरता. बंबात चिंच भिजत घातली की झाकणावर एक आख्खी चिंच ठेवायची, म्हणजे न वाचता येणाऱ्यालाही वाचता येतं. आधीचं पाणी ओतून दोनदा खळबळल्याशिवाय बंबात दुसरं काही घालायचं नाही, आणि काही घातलं तर त्यावर तोंड नेऊन वाकून बघायचं नाही. बायांनो, तुम्ही विचारायला येता ते एवढंच. चिंच चांगली. पूडही तिच्या जागी चांगली. दोघींना एका भांड्यात कोंडू नका.

आणि घरात नियम एकच केला. भांडायचं खुशाल, पण बोलून.

पण बोलणार कशी? माझा आवाज परत आला तो एवढासा. कुजबुजीपेक्षा थोडा वर, पडवीतून चुलीपर्यंतही जात नाही. आणि आत्याबाईंना ऐकू कमी यायला लागलंय. मनीचा तर आता काहीच उपयोग नाही. त्यामुळे मला काही सांगायचं असलं की मी हात वर करते, आणि त्या असतील तिथलं काम टाकून येतात, माझ्या तोंडाशी कान आणून उभ्या राहतात.

काल त्या बंब उजळत होत्या. मी हात वर केला. त्या राखेचे हात लुगड्याला पुसत आल्या, अगदी जवळ येऊन वाकल्या. त्यांच्या कानाशी मी म्हटलं, "आत्याबाई, बंब गोसाव्यासारखा दिसतोय."

"दिसू दे," त्या म्हणाल्या, आणि लगेच सरळ झाल्या नाहीत. मी आणखी काही बोलते का, म्हणून तशाच थांबल्या.